टाक्यातली आंघोळ

ताई सासर सोडून कायमची माहेरी आली, त्या वर्षीची ही गोष्ट. एक पत्र्याची पेटी आणि एक उशी, एवढंच घेऊन ती आली. पाववाल्याने पेटी जिन्याने वर चढवली, धापा टाकत खाली ठेवली आणि विचारलं, "किती दिवस?"

"तू मरेपर्यंत," ताई म्हणाली. "नाहीतर मी मरेपर्यंत. आधी ज्याचा नंबर लागेल त्याच्यावर आहे."

पाववाला म्हणजे तिचा धाकटा भाऊ. खाली भट्टी, भट्टीपुढे दुकान आणि वर दोन खोल्या. मागच्या खोलीत बाबा पडून होते. सगळी हयात त्यांनी याच भट्टीत पाव भाजले, आणि एका सकाळी पिठाचं पोतं उचलता उचलता त्यांचं उजवं अंग गेलं. बोलणं राहिलं होतं, पण अडखळत. जड सामान उतरवावं तसा एकेक शब्द ते खाली ठेवत.

ताई त्या खोलीत शिरली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

"हा वास कसला?"

"आजारी माणसाची खोली आहे," पाववाला म्हणाला. "अत्तराचा येणार आहे का?"

"शेवटची आंघोळ कधी घातलीत त्यांना?"

पाववाल्याची बायको जिन्यात उभी होती. तिथूनच म्हणाली, "वन्सं, ओल्या फडक्यानं रोज पुसते मी. नळ खाली अंगणात, जिना हा असा शिडीसारखा, आणि मामंजी केवढे धिप्पाड. तुम्ही उचलून नेता का? न्या की. मी वाट सोडते."

त्यात खोटं काही नव्हतं. पण ताईने चादर सारून पाठ पाहिली. पडून पडून पाठीला आणि कमरेखाली जखमा झाल्या होत्या. शिवाय जन्मभर पिठात वावरल्यामुळे बाबांच्या कातडीला खाज होती, ती वेगळीच. चालत होता त्या डाव्या हाताने ते पोचेल तिथे खाजवत राहायचे, रक्त निघालं तरी.

आता डुबकीवाल्यांबद्दल सांगायला हवं. गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथे पूर्वी घोड्यांचा तबेला होता, तिथे त्यांचं छोटं देऊळ होतं; गल्लीत चर्चला देऊळच म्हणत. दारावर 'बॅप्टिस्ट मंडळी' अशी पाटी होती, पण ते नाव कोणी घेत नसे. सगळे त्यांना डुबकीवालेच म्हणत. गल्ली सगळी मोठ्या देवळाची, पाववाल्याचं घरही. मोठ्या देवळात तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडलं की त्याचा बाप्तिस्मा झाला, जन्माचं काम झालं. डुबकीवाले म्हणायचे, तो बाप्तिस्माच नव्हे. माणूस स्वतः शहाणा झाला पाहिजे, चारचौघांत उभं राहून त्याने विश्वास कबूल केला पाहिजे आणि मग डोक्यापर्यंत पाण्यात गेला पाहिजे. म्हणजे साऱ्या गल्लीचे बाप्तिस्मे त्यांनी एका वाक्यात फुकट घालवले होते. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या कायमच्या. त्यांच्या खिडक्यांवर दगड पडायचे. त्यांचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, आठवडाभर काचा बसवायचा धंदा करायचा, तेव्हा लोक म्हणायचे, देवाने माणूस बरोबर हेरून नेमलाय.

त्यांच्या देवळात, जिथे उभं राहून पाळक बोलायचा त्या चौथऱ्याच्या फळ्या उचलल्या की खाली टाकं होतं. सिमेंटचं, पायऱ्यांचं, कमरेएवढ्या पाण्याचं, शेजारी पाणी तापवायला बंब. वर्षातून दोन-तीनदा कोणी बाप्तिस्मा घेई, एरवी टाकं कोरडं. त्यांच्यात एक निवृत्त नर्सबाई होती. एका सभेत ती उठून म्हणाली की या गल्लीत घरोघर म्हातारी माणसं अंथरुणात कुजतायत आणि आपण एवढं मोठं टाकं झाकून त्यावर उभं राहून प्रेमाच्या गोष्टी करतोय, लाज वाटायला हवी. त्यांच्याकडे कुठलीही गोष्ट सभेत हात वर करून ठरते. थोडे हात विरुद्ध गेले, बरेच बाजूने पडले. मग दर शनिवारी बंब पेटू लागला. सकाळी बायकांनी बायकांना आंघोळ घालायची, दुपारी पुरुषांनी पुरुषांना. दांडे लावलेली एक खुर्ची होती, तीत बसवून माणसाला घरून आणायचं, धुवायचं, पुसायचं, परत पोचवायचं. ना गाणं, ना प्रार्थना.

पाण्यात नुसतं बुडवल्याने बाप्तिस्मा होत नाही, कबुली हवी, हे त्या लोकांच्या इतकं हाडीमाशी भिनलं होतं की दुसऱ्या कोणाला तसं वाटेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि गल्लीला दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं. डुबकीवाल्यांच्या टाक्यात माणूस उतरला, म्हणजे डुबकीवाला झाला. सरळ हिशेब. म्हणून शनिवारी जाणारे होते ते एकटेदुकटे, ज्यांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं असे.

पाववाला रात्रभर भट्टीशी असायचा आणि दिवसा पिठाच्या कोठीवरच्या माळ्यावर झोपायचा. एका शनिवारी दुपारी तो असाच झोपलेला असताना ताईने खुर्ची बोलावली. चौघांनी बाबांना जिन्यावरून उतरवलं, नेलं, आणून पोचवलं. तिने भावाला विचारलं नाही. संध्याकाळी दुकानात पाव घ्यायला आलेल्या पहिल्याच बाईने त्याला विचारलं, "काय रे, आता पावसुद्धा बुडवून भाजणार का?"

तो वर धावला. बाबा स्वच्छ सदऱ्यात गाढ झोपले होते. कितीतरी दिवसांत त्याने त्यांना न खाजवता पडलेलं पाहिलंच नव्हतं. पण त्या क्षणी त्याला ते दिसलं नाही.

"कोणाला विचारून नेलंस?"

"बाबांना."

"आणि मला?"

"तू घोरत होतास."

"ताई, तुला कळतंय का काय केलंस ते? आईजवळची जागा गेली त्यांची!"

हे मात्र ताईच्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्या देवळाच्या दफनभूमीत आईच्या शेजारची जागा बाबांनी राखून ठेवली होती. दगड एकच घेतला होता, दोघांपुरता रुंद. डाव्या अर्ध्यावर आईचं नाव, उजवा अर्धा कोरा. चालते होते तोवर दर आठवड्याला जाऊन तो कोरा भागही ते फडक्याने पुसून यायचे. म्हणायचे, माझी खोली झाडून आलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या देवळाचा कारभारी दुकानात आला. दफनभूमीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत, आणि तो येतोय हे आधी त्या किल्ल्यांवरूनच कळे. त्याने पाव घेतला नाही.

"तुझ्या बापाचं ऐकलं. वाईट वाटलं."

"नुसती आंघोळ होती, कारभारी. पाठीला जखमा झाल्यात त्यांच्या."

"आंघोळ बादलीत होते. लहानपणी मिळालेलं पाणी ज्यानं दुसऱ्या पाण्यानं धुवून काढलं, त्याला आमच्या मातीत जागा नाही. नियम काही मी केलेला नाही."

"पण बाप्तिस्मा झालाच नाही!"

"मग त्या काचवाल्याला तसं म्हणू दे. माझ्यासमोर. त्यानं शब्द दिला की विषय मिटला." आणि जाता जाता भट्टीकडे बघून तो म्हणाला, "सध्या देवळाचा पाव दुसरीकडून घेतोय आम्ही. मनाला लावून घेऊ नको."

पाववाला तसाच, पिठाच्या हातांनी, काचेच्या दुकानात गेला. पाळक हिरकणीने काच कापत होता.

"तुझ्याकडे काम आहे."

"काच फुटली?"

"डोकं फुटायचंय. कोणाचं ते अजून ठरलं नाही." त्याने सगळं सांगितलं. "चल, आत्ताच्या आत्ता. म्हण कारभाऱ्याला, म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

पाळकाने हिरकणी खाली ठेवली. "झालेला नाहीच. पण मंडळीच्या वतीनं मी एकटा कसा बोलू? कोणाचा झाला आणि कोणाचा नाही, हे आमच्यात सभा ठरवते. रविवारी मांडतो."

"अरे, तू पाळक आहेस की शिपाई?"

"काचवाला आहे. बाकीचं ते जेवढं सांगतील तेवढं."

"तुझ्या खिडक्या लोक उगाच फोडत नाहीत," पाववाला म्हणाला.

"माहीत आहे मला. निम्म्या तुम्हीच फोडल्यात."

हेही खरं होतं.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. पाववाल्याला मागच्या बाकावर जागा मिळाली, सभासद नसल्यामुळे बोलायची परवानगी नव्हती. समोर दहा-बारा बाया, सात-आठ पुरुष. एक जण पाय चोळत बसलेला, एक म्हातारी जांभया देत होती. पाळकाने विषय मांडला: शनिवारी आंघोळ घातलेल्या भट्टीवाल्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला नाही, असं मंडळीने म्हणावं. कोणाला काही सांगायचंय?

नर्सबाई उठली.

"पुरुषांच्या वेळेला मी पडद्याबाहेर असते," ती म्हणाली, "पण ऐकू येतं मला. पाण्यात बसवल्यावर ते म्हणाले, 'देवा, उपकार झाले.' स्पष्ट म्हणाले."

"गरम पाण्यात बसल्यावर कोण म्हणत नाही?" पाय चोळणारा म्हणाला. "मी रोज म्हणतो." काही जण हसले.

"तू काय म्हणतोस ते तुझं तू बघ. माणूस पाण्यात बसून देवाशी बोलला. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. मला ठाऊक नसताना मी हात वर कसा करू?"

"बाई," पाववाल्याच्याने राहवलं नाही, "खाज थांबली म्हणून म्हणाले ते! खाज!"

"सभासद नाही त्यांनी गप्प बसायचं," जांभया देणारी म्हातारी अचानक जागी होऊन म्हणाली.

हात मोजले. बाकी सगळे बाजूने. विरुद्ध एक, नर्सबाईचा. ठराव झाला आणि पाववाल्याचा जीव भांड्यात पडला. पाळकाला पुढे घालून तो तडक कारभाऱ्याच्या घरी गेला. कारभारी अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पाळक म्हणाला, "आमच्या मंडळीनं ठरवलंय की भट्टीवाल्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला नाही."

कारभाऱ्याने मान हलवली. तो उठणारच होता, तेवढ्यात सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "सगळ्यांचं एकमत?"

कुठल्याही शहाण्या माणसाने 'हो' म्हटलं असतं. निदान खाकरला तरी असता.

"नाही," पाळक म्हणाला. "एक हात विरुद्ध होता."

पाववाल्याने कपाळावर हात मारून घेतला. कारभारी परत खुर्चीत बसला, ऐसपैस.

"म्हणजे तुमच्यातच शंका आहे."

"एकीला आहे. इतरांना नाही."

"मला एक पुरे आहे." मग तो पाववाल्याकडे वळला. "तरीपण मी काही दगड नाही. झालं ते एकदा झालं, मी पाहिलं नाही असं समजतो. पण म्हातारा पुन्हा त्या टाक्यात उतरला, तर दगडाचा तो कोरा भाग कोराच राहील. ठरव तू."

रस्त्यात पाववाल्याने पाळकाची कॉलर धरली. "एक शब्द! एका शब्दाचं काम होतं!"

"तो शब्द खोटा होता."

"तुझा खरेपणा माझ्या बापाच्या पाठीवर फुटतोय, कळतंय का तुला?"

पाळकाने कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "कळतंय," एवढंच म्हणाला. पाववाल्याला त्याला हाणावंसं वाटलं, आणि हाणलं नाही याचा पुढे बरेच दिवस पस्तावा झाला.

मग त्याने घरात फर्मान काढलं. बाबांना टाक्यावर न्यायचं नाही. ताईने खुर्ची बोलावली तर खुर्ची आधी भट्टीत जाईल. बाबांना त्याने स्वतः विचारलं, "आईजवळ जायचंय ना तुम्हाला?"

"जायचंय," बाबा म्हणाले.

"मग त्या पाण्याचं नाव काढायचं नाही."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

तो सगळा काळ घरात भांडणाचाच गेला. ताई बादल्या वर आणायची, जिन्यात पाणी सांडायची, पाववाल्याची बायको त्यावरून घसरली की दोघींची जुंपायची. "वन्सं, घर बुडवायला आलात का?" "बुडवायचं तर आधी घासावं लागेल, ते तुला कुठं जमतंय!" एका कुशीवर वळवून बाबांना बादलीतल्या पाण्याने धुवायला गेलं की चादरी भिजत, जखमांना ओल राही, आणि बाबा ओरडत. धिप्पाड माणसाचं ते ओरडणं खाली दुकानात ऐकू येई. गिऱ्हाईकं पाव घेता घेता वर बघत. कंबरेजवळची जखम चिघळली. वास आता जिन्यापर्यंत उतरला होता, ताज्या पावाच्या वासात मिसळून आणखी घाण वाटायचा. नर्सबाई एकदा दुकानात आली, मलमाची डबी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "हे पुरणार नाही. खोल, गरम पाण्यात बसवायला पाहिजे त्यांना." पाववाला म्हणाला, "तुमचा तो हात खाली असता तर मिळालं असतं." ती म्हणाली, "हात माझा होता. बाप तुमचा आहे." आणि निघून गेली. मलम त्याने फेकून दिलं. ताईने उचलून आणलं.

एका शनिवारी सकाळी त्याची बायको माहेरी गेली होती आणि ताईची कंबर धरली होती, म्हणून बाबांना पुसायचं काम त्याच्यावर आलं. इतके महिने तो त्या खोलीत दारातूनच बोलत होता. आज त्याने चादर काढली, पाठ पाहिली आणि फडकं हातातच राहिलं.

"बाबा, दुखतं का?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "गंमत वाटते."

पाववाला हसला नाही. फडकं पिळत उभा राहिला. मग अडखळत, एकेक शब्द ठेवत बाबा म्हणाले, "तुझ्या आईला... वासाची शिसारी होती. आठवतं? पिठाच्या घामाचा सदरा... ती काठीनं उचलायची."

"आठवतं."

"मग? हा असा... तिच्या शेजारी जाऊन पडू? हाकलून देईल ती."

पाववाला बिछान्याच्या कडेवर टेकला.

"जागा जाईल, बाबा. ते खोटं बोलत नाहीयेत. खरंच जाईल."

"जागा मेल्यावर लागते," बाबा म्हणाले. "मी अजून... मेलो नाही. तू विसरलास."

दुपारी पाववाल्याने खुर्ची बोलावली नाही. बाबांना पाठीवर घेतलं, पिठाचं पोतं घ्यावं तसं, दोन्ही हात पुढे ओढून. जिन्याच्या पायऱ्या तो उलट्या पावलांनी, भिंतीला खांदा लावत उतरला. मग भर दुपारी, दारं उघडी असताना, गल्लीच्या मधोमध चालत गेला. बायका उंबऱ्यात आल्या. कोणीतरी म्हणालं, "चालला बापाला बुडवायला." त्याने मान वर केली नाही. तेवढा श्वासच नव्हता.

देवळात बंब पेटलेला होता, फळ्या उचललेल्या होत्या. पाळक बाह्या सरसावून पुढे आला.

"हात लावायचा नाही," पाववाला म्हणाला. "मी उतरवणार. मी धुणार. तोंडातून एक अक्षर काढलंत तर याच टाक्यात बुडवीन तुम्हाला."

"आमचा झालाय बाप्तिस्मा," पाळक म्हणाला. "उतरा सावकाश. तिसरी पायरी घसरते."

पाववाला कपड्यांसकट पाण्यात गेला. बाबांना मांडीवर घेऊन शेवटच्या पायरीवर बसला. पाणी छातीपर्यंत आलं, बाबांचं धूड एकाएकी हलकं झालं. पडद्यामागून नर्सबाईचा आवाज आला, "जखमेवर चोळायचं नाही! नुसतं पाणी सोडायचं!" त्याने शिवी ओठांवर आणली, गिळली आणि नुसतं पाणी सोडलं. ओंजळीने, पुन्हा पुन्हा. बाबांनी डोळे मिटले होते. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या वळ्यांत जुनं पीठ बसलं होतं. भिजून ते कणकेसारखं सुटून आलं. या वेळी बाबा देवाचं नाव घेतात का, म्हणून सगळे कान टवकारून होते, पडद्यामागची ती तर नक्कीच. बाबा म्हणाले, "डावीकडे. अजून खाली."

बाहेर आला तेव्हा समोरच्या फुटपाथवर कारभारी उभा होता. पाववाल्याच्या पाठीवर बाबा कोरड्या चादरीत गुंडाळलेले, झोपेला आलेले. त्याच्या स्वतःच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

"ठरवलंस तर," कारभारी म्हणाला.

"ठरवलं."

"मी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. आता बाजूला व्हा. पाठीवर बाप आहे."

त्यानंतर दर शनिवारी तो बाबांना घेऊन जाई. डुबकीवाल्यांशी त्याचं सूत काही जमलं नाही. पाळकाशी तो कामापुरतं बोले, नर्सबाईशी तेवढंही नाही, आणि रविवारी त्या दारात त्याने कधी पाऊल टाकलं नाही. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी पाव दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. दुकानाच्या काचेवर एकदा दगड पडला, तेव्हा पाळक न बोलावता माप घ्यायला आला आणि पाववाल्याने त्याला दारातून हाकलून दिलं. महिनाभर तिथे पुठ्ठा होता. बाबांच्या पाठीवरच्या वरच्या जखमा भरल्या. कंबरेजवळची भरली नाही, तिला उशीर झाला होता.

शेवटी त्या जखमेतूनच ताप चढला, तो उतरलाच नाही. ताईने मोठ्या देवळात जाऊन कारभाऱ्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले, किल्ल्या नाही काढल्या. डुबकीवाल्यांची दफनाची एक पट्टी होती, गावाबाहेर वीटभट्ट्यांच्या मागे. तिथे सभासद नसलेल्याला जागा द्यायची की नाही, यावर त्यांनी पुन्हा सभा घेतली. या वेळी एकही हात विरुद्ध गेला नाही. पाववाला ऐकायला गेला नव्हता. पुरताना त्यांनी गाणं म्हटलं, तेव्हा तो पाठ करून उभा राहिला आणि गाणं संपल्यावर फावडं पाळकाच्या हातातून हिसकावून माती त्याने स्वतः लोटली.

बाबा वारले ते थंडी सरताना, एका गुरुवारी सकाळी, भट्टीतून पावाची पहिली खेप निघाली त्या वेळी.